लुक्काचा तट

प्रस्तुत प्रवास-विशेषांक वाचकांच्या हाती देताना आम्हांस इटलीतील लुक्का नगरीचे स्मरण होते. सोळाव्या-सतराव्या शतकांत शंभराहून अधिक वर्षे तेथील प्रजासत्ताकाने ज्या तटबंदीपायी खजिना खर्ची घातला, तिला शत्रूचा वेढा कधी पडलाच नाही. परंतु १८१२ साली सेर्किओ नदीस महापूर आला, तेव्हा वेशीचे दरवाजे बंद करून नगरवासीयांनी पाणी बाहेरच थोपविले, आणि त्या एका प्रसंगाने साऱ्या परिश्रमांचे चीज झाले, असे आम्ही मानतो. सुमारे चार किलोमीटर लांबीच्या, विटांनी बांधलेल्या त्या तटाच्या रुंद माथ्यावर, जेथे शिबंदीने पहारा द्यावयाचा, तेथे आज दुतर्फा वृक्षांच्या छायेत आजोबांचे बोट धरून नातवंडे चालतात. आणि आत, ग्विनीजी मनोऱ्याच्या शिरावर, मूठभर मातीत ओक वृक्ष हिरवे उभे असतात.