मेंदूचा आलेख वाचणार कोण?

छत्तीसगडमध्ये हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ३२ अर्भके पहिल्या महिन्यातच दगावतात, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आढळले. देशाची सरासरी २५ होती. आधीच्या फेरीत हाच आकडा ४२ होता, तेव्हा ही प्रगती लहान नव्हे. तिच्यात २००२ पासून पाड्यापाड्यांवर राबणाऱ्या मितानिनींचा आणि जिल्हा रुग्णालयांतील नवजात कक्षांचा वाटा मोठा आहे. परंतु या हिशेबात बाळ जगते किंवा मरते, एवढेच मोजले जाते. ते कसे जगते, याला रकाना नाही.

मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांबाबत हा रिकामा रकाना अधिक बोचतो. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या अर्भकाच्या मेंदूचा आलेख प्रौढाच्या आलेखासारखा अखंड वाहत नाही. लहरींचा एक झोत उसळतो, मग कित्येक सेकंद रेघ जवळजवळ सपाट राहते आणि पुन्हा झोत येतो. संथ लहरीवर जलद लहरींची झालर, ही या वयाची खूण. जसजसे आठवडे सरतात, तसतशी शांततेची अंतरे आखूड होतात. ती वेळेवर आखूड झाली नाहीत, तर चिंतेचे कारण असते. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूच्या लहरी प्रथम नोंदल्या. मात्र अकाली जन्मलेल्यांचा आलेख त्यांच्या वयानुसार वाचण्याची रीत १९५० च्या दशकापासून पॅरिसमध्ये कोलेत द्रेफ्यूस-ब्रिझाक यांच्यासारख्या संशोधकांनी घडवली. प्रौढांच्या आलेखाला सरावलेला डोळा निरोगी शांततेला आजार समजेल, किंवा खऱ्या आजाराला वयाचा दोष म्हणून सोडून देईल. शिवाय नवजातांचे कितीतरी झटके बाहेरून दिसतच नाहीत. ते आलेखातच सापडतात.

म्हणून प्रत्येक जिल्ह्यात यंत्र बसवा, असे माझे म्हणणे नाही. ऊब, आईचे दूध, श्वासाला आधार आणि जंतुसंसर्गापासून बचाव यांचा क्रम आधीचा. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ने घरपोच नवजात सेवेचे जे निष्कर्ष १९९९ मध्ये मांडले, ते याच पायाभूत गोष्टींचे यश होते. (१९५६ पर्यंत रायपूर आणि गडचिरोलीचा मुलूख एकाच, नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता, आरोग्याच्या नकाशावर ती शेजारधर्माची रेघ अजून ओढता येईल.)

यंत्रखरेदीची फाइल मार्चअखेरीस झपाट्याने हलते. ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाच्या पदाची फाइल शेऱ्यांवर शेरे झेलत राहते, हे प्रशासनातल्या कोणालाही ठाऊक आहे. जगदलपूर रायपूरपासून सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. तिथल्या कक्षात तंत्रज्ञाने नोंदलेला आलेख रायपूरच्या एम्समध्ये किंवा १९६३ पासूनच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्याच दिवशी वाचला जाऊ शकतो. त्यासाठी वाचक डॉक्टर, दोन-तीन पदे आणि भरवशाची जोडणी लागेल. बाळ घरी जाताना तोच आलेख २०१३ च्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील जिल्हा त्वरित हस्तक्षेप केंद्राच्या नोंदीत चढला, तर मितानिनीच्या पुढच्या भेटीत मान धरण्याचे, हसण्याचे, बसण्याचे वय कोणत्या बाळाबाबत अधिक बारकाईने पाहायचे, हे तिला आधीच कळेल.