जवानाची आठवण, तिचा हक्क



१४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर आत्मघाती हल्ला झाला. चाळीस जवान मृत्युमुखी पडले. त्यांत आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले दोघे होते: मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातील चोरपांग्र्याचे नितीन राठोड. त्यांचे स्मरण आपण करतो, करायलाच हवे.

पण जवानाचे आयुष्य म्हणजे केवळ त्याचा शेवटचा दिवस नव्हे. आपल्या कोरडवाहू जिल्ह्यातला मुलगा भरतीला जातो तो देशप्रेमाने, आणि दरमहाच्या पगारासाठीही. तो दूर असतो तेव्हा पेरणी, सासू-सासऱ्यांची आजारपणे, मुलांची शाळा हे सारे त्याची बायको निभावते. त्याच्या नोकरीतला तिचा हा वाटा कुठल्या स्मारकावर कोरला जातो?

तो गेला की ती ‘वीरपत्नी’ होते. शब्द मानाचा आहे. पण सामाजिक काम करताना मला वारंवार दिसते, की मानाबरोबर पहाराही बसतो. पैसा कुणाच्या हाती राहावा, तिने माहेरी जावे का, पुन्हा लग्न करावे का, हे इतरच ठरवू लागतात. ‘घरचा पैसा घरात राहावा’ म्हणून दिराचे नाव पुढे येते.

सरकारी नियमही याच चालीचा होता. सैन्यातील शौर्यपदकाबरोबरचा भत्ता जवानामागे त्याच्या पत्नीला मिळे. तिने पुनर्विवाह केला की तो बंद; दिराशी केला तर मात्र चालू! संरक्षण मंत्रालयाने ही अट काढली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. तोवर शासनाच्या लेखीही बाई म्हणजे नवऱ्याच्या घराण्याची ठेवच होती. नियम बदलला, घरे अजून बदलायची आहेत.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पाठोपाठ राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. जवानाच्या स्मृतिदिनी आपल्या गावातही हा ठराव मांडू या. सैनिकाच्या पत्नीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. राखीव पोलीस दल गृह मंत्रालयाखाली येते, म्हणून तिथले कागद वेगळे, दारेही वेगळी. गटातल्या दोघींनी तिच्यासोबत जावे. पासबुक तिच्याच हाती राहील, हे पाहावे.

जिजाऊंचे सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यात आहे. १६६४ साली शहाजीराजे गेले. जिजाऊ सती गेल्या नाहीत. पुढे दहा वर्षे जगल्या, मुलाचा राज्याभिषेक त्यांनी पाहिला. त्यांच्या जिल्ह्यात वीरपत्नीने आपले आयुष्य आपण ठरवावे, यासाठी आणखी दाखला कशाला हवा?