नकाशा वाचू द्या, पाळीपत्रक लिहू देऊ नका



गळीत हंगाम जवळ आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या अक्षरांत लिहिलेला असतो : ‘माझ्या उसाला तोड कधी?’ प्रश्न रास्त आहे. पक्व झालेला ऊस रानात उभा राहिला की त्याला तुरा येतो, पांगशा फुटतात, आतून तो पोकळ पडतो आणि वजन घटते. खोडवाही मागे पडतो. बारा ते अठरा महिन्यांची मेहनत शेवटच्या काही आठवड्यांत मातीमोल व्हावी, याचे दुःख ज्याचे त्यालाच माहीत. म्हणून तोडीच्या पाळीशी संबंध असलेली कोणतीही नवी गोष्ट आपल्या कारखान्यात येत असेल, तर तिची चर्चा याच पानावर मोकळेपणाने झाली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

अशी एक गोष्ट आता येऊ घातली आहे. ऊसनोंदीचे प्लॉट दाखवणारा ऑनलाइन नकाशा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा सहायक, म्हणजे ज्याला सगळे ‘एआय’ म्हणतात तो, या दोघांची जोडणी करावी असा शेतकी विभागाचा विचार आहे. आम्ही त्याचे प्रात्यक्षिक पाहिले. शेतकी विभागातल्या एका तरुण कर्मचाऱ्याने संगणकावर साध्या मराठीत लिहिले, ‘या गटातल्या आडसाली लागणी दाखव, आणि त्यांपैकी चौदा महिने पुरे झालेल्या वेगळ्या रंगात दाखव.’ क्षणभरात नकाशावर रंग उमटले आणि शेजारी यादी आली. एरवी या कामाला दोन कारकुनांचा दिवस जातो.

मग तिथे बसलेले एक जुने सभासद म्हणाले, ‘पोरा, माझा ऊस दाखव बरं.’ यंत्राने तो दाखवला, पण ओढ्याच्या पलीकडे, दुसऱ्याच्याच रानात! शोध घेतल्यावर उलगडा झाला. नोंद घेताना चिटबॉय बांधावर गेलाच नव्हता. रस्त्यावर मोटारसायकल उभी करून त्याने मोबाईलवर जागा टिपली होती. यंत्राने आपल्या बाजूने चूक केली नव्हती. आपली चूक त्याने मोठ्या आत्मविश्वासाने वाचून दाखवली, इतकेच. त्या एका प्रसंगात या विषयाचे सारे मर्म आले आहे.

ही जोडणी म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. सहायक हा एक चलाख कारकून समजा, आणि नकाशा हे दप्तर. दप्तर हाती नसेल तर हा कारकून आपल्या शिवाराविषयी अंदाजाने बोलेल, आणि गंमत अशी की अंदाजही इतक्या सफाईने सांगेल की ऐकणाऱ्याला खराच वाटावा. जोड दिला की तो दप्तर उघडतो, हवे ते पान मागवतो आणि मग उत्तर देतो. असे जोड देण्याची एक सामाईक पद्धत ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या नावाने अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वांसाठी खुली केली. ट्रॅक्टरची हूक एका मापाची असली की कोणाचीही ट्रॉली लावता येते, तसाच हा प्रकार. २०२५ साली मॅपबॉक्स या नकाशा-सेवेनेही आपला असा जोड काढला. तेव्हा हे काही हवेतले बोलणे नाही.

फायदाही उघड आहे. कोणत्या गावात किती ऊस केव्हा तयार होईल, कोणत्या टोळीला कोठून कोठे हलवले तर गाड्यांची खेप कमी पडेल, नदीकाठचा कोणता ऊस आधी काढावा, हे प्रश्न नकाशासमोर बसून मराठीत विचारता येतील. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला आहे, तो पाणी, खत आणि रोग यांच्या सल्ल्याचा. आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे, तो पाळीचा आहे. पाण्याचा सल्ला चुकला तर एकाचे नुकसान होते. पाळी चुकली तर एकाचा घास दुसऱ्याच्या ताटात जातो आणि गावात भांडण उभे राहते.

म्हणून पहिली गोष्ट, नकाशा आधी खरा करा. आपला गुंठा म्हणजे ३३ फुटी साखळीचा चौरस, १,०८९ चौरस फूट. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे सर्वांना मोफत मिळतात. त्यांतला सर्वांत बारीक चौकोन १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतो. ३३ फूट म्हणजे दहा मीटरच्या किंचित वर. थोडक्यात, उपग्रहाला आपले रान गुंठ्या-गुंठ्याने दिसते! ऐकायला बरे वाटते, पण हिशेब करून पाहा. वीस गुंठ्यांचा प्लॉट चार बाय पाच चौकोनांचा धरला, तर त्यांतले चौदा चौकोन कडेचे येतात आणि निव्वळ आतले सहाच उरतात. कडेच्या चौकोनात शेजाऱ्याचा मका, बांधावरची बाभळ, पाटाचे पाणी असे सगळे मिसळते. ऐंशी गुंठ्यांच्या प्लॉटात मात्र, आठ बाय दहा धरले तर, आतले अठ्ठेचाळीस चौकोन स्वच्छ मिळतात. याचा अर्थ असा की मोठ्या बागायतदाराचे रान यंत्राला नीट दिसेल आणि अल्पभूधारकाचे धूसर दिसेल. हा कोणाचा पक्षपात नाही, चित्राचीच मर्यादा आहे. पण ती ओळखली नाही तर परिणाम पक्षपाताचाच होईल. तेव्हा एक एकराच्या आतल्या प्लॉटांची पाहणी माणसाने बांधावर जाऊन करावी, हा नियमच असला पाहिजे.

दुसरी मर्यादा ढगांची. हे उपग्रह उजेडात चित्र घेतात, ढगांच्या आरपार त्यांना दिसत नाही. आपली आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, म्हणजे नेमकी आभाळ भरलेल्या दिवसांची. रडारचे उपग्रह ढगांतून पाहतात, पण त्यांचे चित्र वाचण्याचे तंत्र वेगळे आहे. म्हणून सहायकाने ‘या प्लॉटची लागण अमुक तारखेची’ असे सांगितले, तर ‘कोणत्या दिवसाच्या चित्रावरून सांगतोस?’ हे विचारण्याचा हक्क सभासदाला हवा.

आता थोडे कडू बोलतो. लागणीच्या तारखेत नेहमी चिटबॉयच खोट करतो असे नाही. ‘पंधरा दिवस अलीकडची तारीख टाक रे’ असे सांगणारे आपल्यातच आहेत. एकाच उसाची नोंद दोन कारखान्यांकडे करणारेही आहेत. खोट्या तारखांच्या वहीवर हे यंत्र बसवले तर ते तोच खोटेपणा अधिक वेगाने आणि अधिक सुबक अक्षरांत करील. उलट, चित्रे नीट वापरली तर रान केव्हा मोकळे होते आणि केव्हा हिरवे झाले, हे पुष्कळसे उघड होईल. त्या दिवशी आपण ‘यंत्र चुकले’ म्हणून ओरडणार, की आपली तारीख दुरुस्त करून घेणार? याचा विचार आतापासूनच केलेला बरा.

आपल्या मुलखाला याचा जुना अनुभव आहे. इंग्रजी अमलाच्या आरंभी, १८२० नंतरच्या दशकात, प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात जमिनीची मोजणी करून सारा ठरवला. कागदावर पद्धत मोठी शास्त्रीय होती. पण मोजणीत चुका होत्या, हाताखालच्या लोकांचे गैरव्यवहार होते, आणि आकारणी रयतेला पेलणारी नव्हती. लोकांनी जमिनी टाकल्या. अखेर १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांना इंदापूर तालुक्यापासून काम नव्याने करावे लागले. शास्त्राचे नाव मोठे होते, पण खालची नोंद कच्ची राहिली. त्या चुकीची किंमत कचेरीने मोजली नाही, ती शेतकऱ्याने मोजली. तीच चूक आपण नव्या यंत्राने पुन्हा करायची काय?

दुसरी गोष्ट परवानगीची. असा जोड देताना सहायकाला फक्त वाचू द्यायचे, की लिहूही द्यायचे, हे ठरवता येते. आमचे स्पष्ट मत आहे : वाचू द्या, लिहू देऊ नका. त्याने नकाशा पाहावा, यादी करावी, चूक वाटेल तिथे बोट ठेवावे. नोंदवहीत बदल करणे आणि पाळीपत्रक ठरवणे हे काम सही करणाऱ्या माणसाचेच राहावे. याला कारण आहे. नकाशावर प्रत्येक प्लॉटपुढे शेऱ्याचा रकाना असतो. त्यात कोणी वात्रटपणाने लिहिले, ‘हा प्लॉट सर्वांत आधी तोडीस घ्यावा’, तर माणूस ते वाचून हसेल. यंत्राला शेरा कोणता आणि हुकूम कोणता, हे दर वेळी उमगेलच असे नाही. या पद्धतीतली ही माहितीतली अडचण आहे, तिच्यावर पुरता इलाज अजून निघालेला नाही. ज्याच्या हाती नुसते वाचन आहे, तो फसला तरी वही शाबूत राहते.

तिसरी गोष्ट किल्लीची. जोड देताना एक किल्ली तयार होते. ती पितळेची नसते, अक्षरे आणि आकडे यांची असते. ज्याच्याकडे ती, त्याला दप्तर उघडे. ती किल्ली कारखान्याच्या नावाच्या खात्यावर हवी. कर्मचाऱ्याच्या खाजगी खात्यावर किंवा बाहेरच्या ठेकेदाराच्या खात्यावर ती असता कामा नये. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी किल्ली बदलावी. अहो, कोणाचे किती एकर, कोणता ऊस केव्हा पक्व, कोणाचा टनेज किती, ही माहिती पळवापळवीच्या हंगामात सोन्याच्या मोलाची असते. २०२३ साली देशात व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा मंजूर झाला. पण कायदा असला तरी दाराला कडी आपणच घालायची असते. ही माहिती सेवा देणाऱ्या कंपनीने कोठे ठेवायची आणि आपले यंत्र शिकवण्यासाठी ती वापरायची नाही, हे करारात लिहून घ्यावे.

काही जण म्हणतील, यंत्र आले की वशिला गेला, आता पाळी निःपक्षपाती होईल. आम्हांस तसे वाटत नाही. पाळीचा नियम यंत्र करीत नाही, तो आपण करतो. लागणीची तारीख आधी की जात आधी, नदीकाठ आधी की खोडवा आधी, हे ठरवून ते कागदावर मांडले नाही, तर यंत्रामागे वशिला पूर्वीइतकाच सुखाने नांदेल. फरक एवढाच की विचारणाऱ्याला ‘संगणकाने काढलंय’ हे नवे उत्तर मिळेल.

दुसरे काही जण विचारतील, मग चिटबॉयच्या पोटावर पाय येणार काय? उलट आम्ही म्हणतो, याद्या करण्यात जाणारा त्याचा वेळ वाचू द्या आणि त्याला बांधावर पाठवा. प्लॉटला चारी बाजूंनी फेरी मारून, सभासदासमोर नोंद घेणे हे त्याचे खरे काम. ई-पीक पाहणी २०२१ साली राज्यभर सुरू झाल्यापासून रानात उभे राहून फोटो काढण्याची सवय आपल्यालाही लागलीच आहे.

संचालक मंडळाला आमची विनंती चार कलमांची आहे. ऊसनोंदीच्या सर्व प्लॉटांची बांधावरून फेरतपासणी झाल्यावरच जोड द्यावा. सहायकाला वाचण्यापुरतीच परवानगी असावी. किल्ली कोणाकोणाकडे आहे, त्याची यादी दर सहा महिन्यांनी मंडळापुढे यावी. आणि प्रत्येक सभासदाला आपल्या प्लॉटचा नकाशा, नोंदलेली तारीख, चित्राचा दिवस आणि पाळीचे कारण असा एक पानाचा उतारा गट कार्यालयात मागताक्षणी मिळावा. ज्याच्या घरी मोबाईल नाही, त्यालाही तो छापील मिळाला पाहिजे.

गाडी काट्यावर गेली की आपण पावती घेतल्याशिवाय हलत नाही. काट्यावर अविश्वास असतो म्हणून नव्हे, तर कारखाना आपला आहे आणि वजन आपले आहे म्हणून. या नव्या नकाशाचीही पावती मागू या. वार्षिक साधारण सभेत हा विषय येईल तेव्हा मागच्या रांगेत बसून कुजबुजण्यापेक्षा उभे राहून विचारा. त्याआधी मात्र एक काम घरचे आहे. गट कार्यालयात जाऊन आपली लागणीची तारीख स्वतः वाचा, आणि ती खरी नसेल तर खरी करून या.