यकृताची न दिसणारी सूज

कावीळ झाली की आजही काही घरांत डॉक्टरांच्या आधी कावीळ उतरवणाऱ्याची आठवण होते. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळे होते, गळ्यातली माळ लांब होत जाते आणि काही आठवड्यांत डोळेही पांढरे होतात. श्रेय अर्थातच माळेला! वास्तविक दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ‘ए’ आणि ‘ई’ची कावीळ बहुधा आपोआपच ओसरते.

घात करतात ते ‘बी’ आणि ‘सी’ हे विषाणू. रक्तातून, दूषित सुईतून आणि ‘बी’ तर प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळालाही होतो. कित्येकदा कावीळ दिसतच नाही, पण यकृताला आतून सूज राहते. पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या तयार होतात. वर्षानुवर्षे ही मोडतोड चालली की यकृत कठीण होते आणि एखादी बिघडलेली पेशी बेसुमार वाढू लागते. हाच यकृताचा कर्करोग. अतिमद्यपान आणि यकृतात साठणारी चरबी यांचा रस्ताही याच सुजेतून जातो.

सूज आणि कर्करोग यांचे नाते प्रयोगशाळेत कसे उलगडले? २००४ साली जेरुसलेमच्या संशोधकांनी यकृताला कायम सूज असलेल्या उंदरांवर प्रयोग केला. सुजेच्या काळात ‘एनएफ-कप्पाबी’ नावाचे प्रथिन बिघडलेल्या पेशींना मरू देत नाही. संशोधकांनी पुढच्या टप्प्यावर त्याचे काम थांबवले, तेव्हा त्या पेशी मरू लागल्या आणि रोग कर्करोगापर्यंत पोहोचला नाही. उंदरांवरचा प्रयोग म्हणजे माणसाचे औषध नव्हे. पण सूज हा केवळ साक्षीदार नसून गुन्ह्यातला भागीदार आहे, हे त्यातून कळले.

मग ही सूज ओळखायची कशी? साध्या रक्ततपासणीने. अर्थात तपासणीचे किट खात्रीचे हवे. किट चुकले तर आजारी माणूस निर्धास्त घरी जातो. दिल्लीलगतच्या नोएडात, सेक्टर ६२ मधील राष्ट्रीय जैविक संस्थेत हिपॅटायटिस ‘बी’ आणि ‘सी’च्या किटची गुणवत्ता पारखली जाते. तिथल्या प्रयोगशाळेतले हे काम थेट आपल्या घराशी जोडलेले आहे.

सूज सुरूच होऊ नये, हा उपाय तर सर्वांत चांगला. तैवानने १९८४ पासून नवजात बाळांना ‘बी’ची लस देणे सुरू केले आणि पुढच्या दहा वर्षांत तिथल्या मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. तान्हेपणी लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांत विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो. म्हणून जन्मानंतर २४ तासांच्या आत पहिला डोस मिळालाच पाहिजे.

घरात बाळंतपण असेल तर गर्भवतीची ‘बी’ची तपासणी झाली का, हे आवर्जून विचारा. पूर्वी रक्त चढवले असेल किंवा घरात कुणाला हा आजार असेल, तर स्वतःचीही तपासणी करून घ्या. ‘सी’ आता साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांत बरा होतो, तर ‘बी’ औषधांनी ताब्यात राहतो. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर या तपासण्या व उपचार मोफत आहेत.

डोळे पांढरे झाले म्हणजे यकृत बरे झाले, असे समजू नका. त्याची खात्री माळ नव्हे, रक्ततपासणीच देते.