कवळी दिली, पण ती बसते का?

राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली आली. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांसोबत कवळीही मोफत देण्याची त्यात तरतूद आहे. चांगलेच आहे. पण कवळी हातात पडली म्हणजे घास चावता येतोच असे नाही. मी वाशीमचा निवृत्त शिक्षक, स्वतः कवळी वापरणारा, म्हणून सांगतो. वरची टाळूला धरून राहते. खालचीला तो आधार नाही. जीभ हलली की ती उठते, ज्वारीची भाकर चावताना हिरडी सोलते. शेवटी कवळी डबीत आणि भाकर दुधात.

उपाय आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितले, की खाली एकही दात नसेल तर जबड्याच्या हाडात बसवलेल्या दोन इम्प्लांटवर अडकणारी कवळी हाच पहिला पर्याय असावा. हाड अरुंद असेल तर तीन मिलिमीटरहून बारीक मिनी इम्प्लांट, खालच्या जबड्यात सहसा चार, बसवता येतात. त्यांचा गोल माथा कवळीतल्या रबरी कडीत टिचबटणासारखा बसतो. मात्र साखर आटोक्यात हवी, खर्रा सुटायला हवा, कडीही अधूनमधून बदलावी लागते.

आमच्यासारख्यांना हा खर्च खिशातूनच करावा लागतो. वाशीम २०१८ पासून केंद्र सरकारच्या यादीत आकांक्षित जिल्हा आहे. त्या आकांक्षेत म्हाताऱ्यांचा घासही धरा. खालच्या कवळीचे इम्प्लांट योजनेत आणा, जिल्हा रुग्णालयात त्यासाठी ठरावीक दिवस ठेवा. आणि वाटलेल्या कवळ्या मोजू नका. सहा महिन्यांनी किती तोंडात आहेत, ते मोजा.