शाळेला काय द्यावे?

माजी विद्यार्थी भेटले की "सर, शाळेला काय देऊ?" असे आवर्जून विचारतात. पंखे येतात, घड्याळे येतात, क्वचित संगणकही येतो, आणि ते सारे उपयोगी पडते. माझी मागणी मात्र पुस्तकाची असते. तेही शक्यतो देणाऱ्याने स्वतः वाचलेल्या, जुन्या पुस्तकाची.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुस्कर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी आधीपासून हेरलेला होता. धम्मग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी त्या भेटीचा कृतज्ञतेने उल्लेख केला आहे. धर्मानंद कोसंबींनाही बुद्धाची ओळख 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकातून झाली. पुढे न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना बाबासाहेबांनी जुन्या पुस्तकांची दुकाने पालथी घालून सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले, असे चरित्रकार सांगतात. पोटाला चिमटा काढणाऱ्या विद्यार्थ्याला कोरी पुस्तके कशी परवडावीत?

काही पालक म्हणतात, आता सारे मोबाइलवर फुकट मिळते. मिळते, पण ज्याला पुस्तकाचे नाव माहीत असेल त्यालाच ते शोधता येते. घरात वाचणारी पहिलीच पिढी असलेल्या मुलाला नावच कोणी सांगितलेले नसते. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आपला समाज पुस्तकांसाठी जी गर्दी करतो, तिचा मला अभिमान आहे. तथापि त्या गर्दीत विक्रेत्याला बोलायला उसंत नसते. मग तीच ती ठरावीक पुस्तके आणि एक प्रतिमा पिशवीत पडते. म्हणून वर्षातून एकदा तरी, गर्दी नसताना, ज्याने पुस्तके वाचलेली आहेत अशा विक्रेत्याकडे जावे. पुण्यात विलास वाघ यांनी 'सुगावा'च्या रूपाने अशी जागा उभी केली. मार्च २०२१ मध्ये ते गेले. त्यांनी प्रसिद्ध केलेली पुस्तके मात्र आजही अनेकांच्या कपाटांत आहेत. आपल्याला मुंबईही आता दूर नाही. जानेवारी २०२४ पासून उरणची रेल्वे आहे, अटल सेतू आहे. हुतात्मा चौकातील आणि माटुंग्यातील पदपथांवरच्या जुन्या पुस्तकांसाठी एक दुपार राखून ठेवावी.

काय घ्यावे? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) प्रथम घ्यावे. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना त्यांच्या घरी जाऊन भेटून, बोलते करून हे पुस्तक सिद्ध झाले. दप्तरखान्यात न सापडणारा इतिहास कसा लिहावा, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे शिकावे. मुलींच्या हाती बेबी कांबळे यांचे 'जिणं आमचं' द्यावे. वसतिगृहातील मुलासाठी कोसंबींचे 'निवेदन' आहे. ज्ञानासाठी घर सोडलेल्या माणसाचे ते आत्मकथन आहे. चां. भ. खैरमोडे यांच्या आंबेडकर चरित्राचे जुने खंड मिळाले तर भाव करत बसू नये.

नवे सहज मिळते, हाही भ्रम आहे. शासनाने १९७९ पासून काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांची छपाई रखडली, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. अशा वेळी कोणाच्या माळ्यावर पडून असलेली जुनी प्रत शेजारच्या गावातील मुलाला मोलाची ठरते.

आणि माळ्यांचीच मला सर्वांत अधिक चिंता वाटते. १९५६ नंतरच्या पिढीने अर्धपोटी राहून 'प्रबुद्ध भारत'चे अंक, धम्मावरील पुस्तिका, पुढे 'अस्मितादर्श' जपले. आता जुनी घरे पाडून बंगले उठत आहेत आणि आजोबांची ट्रंक किलोच्या भावाने रद्दीत जात आहे. पत्र्याची ट्रंक भंगारवाला वेगळी तोलतो, त्याचे तेवढे पैसे जास्त येतात! जासई हे दि. बा. पाटील यांचे गाव. १९८४ च्या जानेवारीत या परिसरातील शेतकऱ्यांनी जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी गोळ्या झेलल्या. त्या लढ्याची पत्रके, निवेदने, वर्तमानपत्रांची कात्रणे आगरी-कोळी बांधवांच्या घरांतही अशीच पडून असतील. तीही आमच्या शाळेत यावीत असे मला वाटते. बौद्धवाडीचा इतिहास आणि गावाचा इतिहास दोन कपाटांत ठेवण्याचे कारण नाही.

तेव्हा रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी एक फेरी शाळेकडे करावी. परीक्षेची गाइडे आणि केवळ शोभेचे सोनेरी संच कृपया आणू नयेत. आणलेल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर आपले नाव, गाव आणि हे पुस्तक का वाचावे, याविषयी दोन ओळी स्वहस्ते लिहाव्यात. शक्य झाल्यास पुस्तक कार्यालयात न ठेवता मुलांच्याच हाती द्यावे. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर ती मोकळी असतात.