होलोंगापारचे हुलॉक आणि पर्यटकाचे तिकीट

रजा-प्रवास सवलतीचा लाभ घेऊन ईशान्य भारताकडे निघणारी मराठी कुटुंबे आता अपवादात्मक राहिलेली नाहीत. काझीरंग्याचा गेंडा आणि माजुलीची सत्रे सहलीच्या पत्रकात ठळक अक्षरांत असतात. त्यांच्या जोडीला जोरहाट जिल्ह्यातील मरियानीजवळचे होलोंगापार गिबन अभयारण्य असले, तर त्याच्या वाट्याला फार तर दोन तास येतात. दोन तासांत माकडे पाहावयाची, छायाचित्रे घ्यावयाची आणि भोजनाच्या वेळेस मुक्कामी परतावयाचे, असा हा हिशोब असतो. या हिशोबात काय धरले जाते आणि काय सुटते, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

हे अरण्य जेमतेम २१ चौरस किलोमीटरांचे आहे. तरीही नरवानर गणातील सात जाती तेथे नांदतात. त्यांपैकी हुलॉक गिबन हा भारतात आढळणारा एकमेव कपी. त्याला शेपूट नसते. नर काळा व पांढऱ्या भुवयांचा, मादी पिंगट. जोडीने राहणारे हे प्राणी सकाळी दोघे मिळून साद घालतात आणि ती साद दूरवर ऐकू जाते. उंबरवर्गीय झाडांची फळे व पाने खाऊन, हातांनी फांद्यांना लोंबकळत ते शेंड्याशेंड्यांवरून हिंडतात. जमिनीवर सहसा उतरत नाहीत.

पर्यटकाची पंचाईत होते ती येथेच. आपल्याकडे घाटातील वळणावर मोटार थांबली की माकड काचेशी येते, बिस्किट घेते आणि मुलांची करमणूक होते. या सवयीने माकडांचे जेवढे नुकसान केले आहे, त्याहून अधिक बहुधा माणसांचे केले असावे; पैसे मोजले की प्राण्याने समोर यावे, अशी आपली धारणा होऊन बसली आहे. हुलॉकला लाच देता येत नाही. त्यामुळे नुसता आवाज ऐकून परतावे लागलेला प्रवासी 'पैसे वाया गेले' म्हणतो. दर्शनाची हमी मागणाऱ्या अशा ग्राहकाला खूश ठेवण्याचा धंदा एकदा सुरू झाला, की खाद्य टाकणे, पाठलाग करणे, ओरडून हुसकावणे हे सारे ओघानेच येते. अभयारण्याचे प्राणिसंग्रहालय होण्यास मग फार काळ लागत नाही.

परंतु या अरण्याचे खरे दुखणे पर्यटक नव्हे. १८८१ साली ते राखीव झाले, त्या सुमारास वरच्या आसामात जंगल तोडून चहाचे मळे वाढत होते. मळ्यांनी आणि वस्त्यांनी वेढले जाऊन हे अरण्य शेजारच्या डोंगराळ जंगलापासून तुटले आणि बेटासारखे उरले. त्यात १८८७ साली लोहमार्ग आला. सुमारे पावणेदोन किलोमीटर लांबीचा हा मार्ग अरण्याचे दोन असमान तुकडे करतो. धाकटा तुकडा अवघा दीडशे हेक्टरांचा आहे. शेंड्यांवरून चालणाऱ्या प्राण्याला रुळांवरील मोकळे आकाश हीच भिंत ठरते. धाकट्या तुकड्यातील मोजक्या कुटुंबांना पलीकडे जोडीदार शोधता येत नाही. १९९७ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, तरी रूळ जागच्या जागी राहिले. २०१५ साली रेल्वेने लोखंडी पूल उभारला. हुलॉकांनी त्याकडे पाठ फिरवली. पुढे मार्गाच्या विद्युतीकरणाचा विषय निघाला, तेव्हा डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने दोरांच्या झाडपुलांचा आराखडा तयार केला.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत याला बाह्य खर्च म्हणतात. आगगाडीच्या तिकिटात डबा, इंधन व नोकरांचे पगार धरलेले असतात. विभक्त झालेल्या कळपाचा खर्च धरलेला नसतो. आपल्या घरच्या चहाच्या पुड्यावरील किमतीतही तो नसतो. मुंबई-पुण्यात सकाळी आसामचा चहा पिणाऱ्या माणसाचा या अरण्याशी संबंध तेथे पाऊल ठेवण्यापूर्वीच जडलेला असतो, आणि अभयारण्याच्या दारात तो जे शुल्क भरतो, ते त्या जुन्या थकबाकीच्या मानाने नगण्य असते.

तेव्हा पर्यटनच बंद करा, ही मागणी सोपी असली तरी योग्य नाही. येणाऱ्यांचा ओघ आटला, तर गावकऱ्यांना जंगलातून मिळणारा मार्गदर्शनाचा रोजगार बुडेल आणि रेल्वेला जाब विचारणाराही कोणी उरणार नाही. शुल्क वाढवावे, मात्र वाढीव रक्कम झाडपूल व रुळांकाठची लागवड यांसाठीच स्वतंत्र राखावी. शंभर-दोनशे रुपये अधिक द्यावे लागल्याने हजारो रुपयांची सहल कोणी रद्द करील, असे वाटत नाही. सहल आखणाऱ्यांनीही दोन तासांऐवजी एक पहाट द्यावी, कारण हुलॉकचा दिवस उजाडताच सुरू होतो. दिवसा या पट्ट्यातून गाड्या सावकाश नेल्याने वेळापत्रकात काही मिनिटांचाच फरक पडेल.

दोरांचा पूल ही तात्पुरतीच सोय आहे. रुळांच्या दोन्ही अंगांना लावलेल्या झाडांच्या फांद्या वर एकमेकींना भिडायला वर्षानुवर्षे लागतात, आणि विजेच्या तारा आल्यावर त्या छाटण्याचे काम रेल्वेच्याच माणसांकडे जाईल. छाटणीचा हा अधिकार वनखात्याच्या संमतीखाली आणण्याचा निर्णय तारा ओढण्यापूर्वी व्हावयास हवा.